प्रमाणातला देव

‘देवधर्म असावा, पण प्रमाणात.’ वसईच्या ख्रिस्ती घरांत हे वाक्य इतकं रुळलं आहे, की बोलणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला विरोध करणं उद्धटपणाचं वाटतं. लग्नाच्या मांडवात, घराच्या ओट्यावर, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मी ते वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. ते बोललं जातं एखाद्या तरुण मुलाविषयी किंवा मुलीविषयी. काय केलेलं असतं त्या मुलाने? तो कामावर जाण्याआधी रोज सकाळी मिस्साला जाऊ लागलेला असतो. शुक्रवारचा उपवास खरोखर पाळू लागलेला असतो. मित्राच्या लग्नात रात्रभर नाचतो, पण दारूला हात लावत नाही. जागेच्या व्यवहारात कागदावर कमी रक्कम दाखवायचं ठरतं, तेव्हा तो सही करायला नकार देतो. मग एका रात्री जेवताना सांगतो, मला सेमिनरीत जायचंय. मुलगी असेल तर सांगते, मला सिस्टर व्हायचंय. त्या क्षणापासून घरात आजाऱ्याभोवती बोलतात तसं बोलणं सुरू होतं, दबक्या आवाजात आणि त्या पोराच्या माघारी. मामाला बोलावणं जातं. मावशी समजूत काढायला येते. आणि सगळे मिळून त्या एका वाक्यावर येऊन थांबतात.

मला या वाक्याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ज्या मुलांना शिकवते, त्यांच्यातलीच काही मोठी होऊन या वाक्याखाली दबताना मी पाहिली आहेत.

आईवडिलांची बाजू मी कमजोर करून सांगणार नाही. ते म्हणतात, आम्ही काही नास्तिक नाही. आम्ही रविवार चुकवत नाही, घरात रोझरी होते, सणाला नोव्हेना करतो. पण माणसाने संसार करायचा असतो, पोट भरायचं असतं, चार माणसांत राहायचं असतं. या वयात मुलं भावनेच्या भरात वाहून जातात. कुठलं तरी रिट्रीट करतात, कुणा फादरचं प्रवचन ऐकतात आणि आयुष्य उधळून टाकायला निघतात. एवढं शिकवलं, ते वाया जाणार. म्हातारपणी आम्ही कुणाकडे बघायचं? आणि लोकांना काय सांगायचं? आम्हाला पोराचं भलंच हवंय, म्हणूनच म्हणतो: भक्ती कर, पण जरा बेताने.

हे सगळं मायेपोटी बोललं जातं, हे मला मान्य आहे. पण माया आहे म्हणून म्हणणं खरं ठरत नाही.

पहिला प्रश्न असा, की हे पोरांना शिकवलं कुणी? बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना विचारतात, की या लेकराला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेता का? आईवडील चर्चभर ऐकू जाईल असं ‘होय’ म्हणतात. पुढे सात-आठ वर्षांनी प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी पांढरा पोशाख शिवला जातो, हॉल घेतला जातो, दोनशे पानं उठतात. रविवारचा तास बुडाला तर मला फोन येतो, की बाई, पोराची हजेरी तेवढी सांभाळा. ज्या प्रार्थना मुलाला पाठ करायला लावल्या, त्यांत काय आहे? तुझी इच्छा पूर्ण होवो, असं आपण त्याच्याकडून रोज रात्री वदवून घेतलं. वीस वर्षं हे शब्द म्हटल्यावर एका मुलाने ते खरे धरले, तर चूक कोणाची? त्याने दुसरं काही शोधून आणलेलं नाही. तुम्ही दिलेलीच गोष्ट त्याने पूर्ण घेतली. घराला टोचतो तो अतिरेक नाही. घराने जी रीत म्हणून चालवली, तिला मुलाने सत्य मानलं, हे टोचतं. त्याच्या रोजच्या मिस्सामुळे घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या रविवारकडे पाहावं लागतं, आणि ते नकोसं वाटतं.

आता ‘प्रमाण’ या मागणीकडे वळू. हे प्रमाण आपण आणखी कुठे मागतो? मुलगी नीटच्या परीक्षेला बसली, की दोन वर्षं तिचं हसणं-खेळणं बंद होतं. लग्नाकार्याला तिला नेत नाहीत, घरातला टीव्ही बंद राहतो आणि सगळे कौतुकाने सांगतात, रोज चौदा तास अभ्यास करते. मुलगा क्रिकेट खेळतो, तर पहाटेच्या विरार लोकलने खांद्यावर किट घेऊन आझाद मैदान गाठतो, आणि बाप स्वतःची नोकरी सांभाळून त्याच्याबरोबर जातो. यांना कुणी म्हणतं का, अभ्यास असावा पण प्रमाणात, खेळ असावा पण बेताने? उलट, ज्याने स्वतःला झोकून दिलं नाही त्यालाच आपण आळशी म्हणतो. म्हणजे झोकून देण्याला आपला विरोध नाही. पैसा, पदवी, नाव यांसाठी मुलाने सगळं पणाला लावलं तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो. देवासाठी लावलं, तेवढ्यापुरतं आपल्याला प्रमाण आठवतं. ही निवड करताना आपण काय सांगतो? आपल्या लेखी देवाची किंमत क्रिकेटपेक्षा कमी आहे. तसं असेल तर ते उघड म्हणावं, आणि मग पोराला रोझरीला बसायला सांगू नये.

‘दूर जाईल’ ही तक्रारही अशीच. वसईच्या किती घरांतली मुलं आज आखातात आहेत, कॅनडात आहेत, इस्रायलमध्ये आहेत? मुलाला कॅनडाला पाठवण्यासाठी बापजाद्यांची केळीची वाडी विकायला आपण तयार होतो. तो पाच-पाच वर्षं येत नाही. आजी वारते तेव्हा तो मोबाईलवर अंत्यविधी पाहतो. त्या घराला कुणी विचारत नाही, की तुमचं म्हातारपणी कोण बघणार? उलट, मुलगा सेटल झाला असं म्हणून अभिनंदन होतं. आणि वसई धर्मप्रांताचा धर्मगुरू होऊन इथल्याच गावांत आयुष्य काढणारा, आईच्या आजारपणात तासाभरात घरी पोहोचू शकणारा मुलगा मात्र ‘गेला’! हिशोबच करायचा तर सगळ्यांचा एका मापाने करा. खरी अडचण अंतराची नाही. कॅनडातला मुलगा पैसे पाठवतो आणि त्याच्या नावाने चारचौघांत मान मिळतो, खरी गोष्ट ही आहे. ते तोंडाने कबूल करण्यापेक्षा म्हातारपणाचं नाव पुढे करणं सोपं जातं.

वयाचा मुद्दा सर्वांत जोरात मांडला जातो, म्हणून मी त्यावर सर्वांत जास्त थांबणार आहे. ‘तिला काय कळतं? बावीस वर्षांची पोर!’ याच बावीस वर्षांच्या पोरीसाठी त्याच महिन्यात स्थळं पाहिली जात असतात. मुलगा चहाला येतो, अर्धा तास बोलणं होतं, दोन-चारदा बाहेर भेट होते, चर्चमध्ये तीन रविवार लग्नाच्या चिठ्ठ्या वाचल्या जातात, काही दिवसांचा विवाहपूर्व अभ्यासवर्ग होतो आणि ती वेदीसमोर मरेपर्यंतचं वचन देते. कॅथलिक चर्च ते वचन मोडू देत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कुणी म्हणत नाही, की बावीस वर्षांच्या पोरीला कायमचा निर्णय कसा कळेल?

आता सिस्टर होण्याची वाट कशी असते ती पाहा. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत हे नियम लिहिलेले आहेत आणि कुणालाही ते वाचता येतात. सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नवशिक्षणात (नोव्हिशिएटमध्ये) प्रवेश नाही. नवशिक्षण किमान बारा महिन्यांचं. त्यानंतरची व्रतं तात्पुरती, ती किमान तीन वर्षांसाठी. मुदत संपली की ती मुलगी निघून जायला मोकळी असते, आणि कायमची व्रतं एकवीस वर्षांच्या आत घेताच येत नाहीत. तात्पुरत्या व्रतांचा काळ सर्वसाधारणपणे सहा आणि गरज पडली तर नऊ वर्षांपर्यंत लांबवता येतो. धर्मगुरूसाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो, आणि पंचवीस वर्षांच्या आत गुरुदीक्षा नाही. एवढ्या काळात वरिष्ठ त्याला परत पाठवू शकतात आणि तोही परत येऊ शकतो. मध्येच परतलेले किती तरी तरुण आपल्या आसपास आहेत, त्यांची लग्नं झाली आहेत, ते आपापल्या जागी उत्तम काम करत आहेत. सांगा, घाई कुठे आहे? इतक्या पायऱ्या आणि दर पायरीवर परतीची वाट असलेला दुसरा कोणता निर्णय आपण मुलांना घेऊ देतो? ज्या निर्णयात सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त मोकळीक आहे, त्यालाच आपण भावनेच्या भरातला निर्णय म्हणतो. हे अज्ञान असेल तर दूर करता येतं. पण पालकांना हे नियम सांगितल्यावरही ते त्याच वाक्यावर परत येतात, तेव्हा वयाचा मुद्दा निमित्तापुरता होता, हे दिसून येतं.

मग राहतो सर्वांत जिव्हारी लागणारा शब्द: वेड. ‘डोकं फिरलंय तिचं’, ‘त्याला कुणी तरी भरवलंय’, ‘ब्रेनवॉश केलंय’. हे बोलणाऱ्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. येशूभोवती एवढी गर्दी जमली होती, की त्याला जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा त्याच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला निघाली, कारण याला भान उरलं नाही असं लोकांत म्हटलं जात होतं. ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीच हा प्रसंग आहे. ज्या येशूची तसबीर आपण घरात दिवा लावून ठेवतो, त्याच्याविषयीही हेच बोललं गेलं. हा मजकूर चर्चमध्ये मोठ्याने वाचला जातो, आपण उभं राहून ऐकतो, शेवटी देवाची स्तुती करतो, आणि घरी आल्यावर त्या नातलगांच्या जागी स्वतः जाऊन उभे राहतो. ते वाचन मग आपण कशासाठी ऐकलं?

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, कारण मला कुणाचा आजार लपवायचा नाही. भक्तीच्या आडून कधी कधी खरोखर दुखणं येतं. मुलगी रात्र-रात्र झोपत नसेल, बारीकसारीक पापांच्या भीतीने थरथरत असेल, खाणं सोडत असेल, कुणाशीच बोलत नसेल, तर तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, आणि चांगला धर्मगुरूही तेच सांगेल. पण मी ज्या मुलांविषयी लिहिते आहे, ती नीट जेवतात, झोपतात, काम करतात, आजीच्या पायाला तेल चोळतात. ती पूर्वीपेक्षा जास्त हसतात. त्यांना वेडं म्हणण्यासाठी एकच आधार उरतो, तो म्हणजे ती प्रार्थना करतात.

भक्तीने माया आटते, असंही म्हणतात. वसईचं नाव ज्याच्यामुळे जगभरच्या चर्चमध्ये घेतलं जातं, त्या संत गोन्सालो गार्सियाकडेच पाहू. वसईत जन्मलेला हा तरुण पोरवयात जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. त्या सव्विसांत थॉमस कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याचे वडील मिखाएलही होते. नागासाकीला नेत असताना वाटेत त्या मुलाने आईला पत्र लिहिलं. आईला धीर दिला आणि धाकट्या भावांना सांभाळायला सांगितलं. ते पत्र पुढे वडिलांच्या कपड्यांत सापडलं. मरणाच्या वाटेवर असलेल्या पोराला आई आठवली, भाऊ आठवले. या मुलाची माया आटली होती, असं कोण म्हणेल?

दुसरं पत्र आपल्या मराठीच्या अगदी जवळचं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण जेज्वीट संघात शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचला. पोहोचल्यावर काही दिवसांतच, १० नोव्हेंबरला, त्याने लंडनमधल्या आपल्या व्यापारी बापाला लांबलचक पत्र लिहिलं. प्रवास कसा झाला, समुद्रात काय पाहिलं, वाटेत किती हाल झाले, सगळं बापाला सांगितलं. मायदेशी तो परत गेला नाही, १६१९ मध्ये गोव्यातच वारला. पण जाण्याआधी ‘क्रिस्तपुराण’ नावाचा ओवीबद्ध ग्रंथ मराठीला देऊन गेला. तो १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला आणि शाळा-कॉलेजांतून आजही त्याचं कौतुक शिकवलं जातं. स्टीफन्सच्या घरच्यांनी ‘भक्ती प्रमाणात कर’ म्हणून त्याला अडवलं असतं आणि त्याने ऐकलं असतं, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य ग्रंथ कुठून आला असता?

देवाच्या नावाने आईबापांना टाकून देणाऱ्याला येशूने पाठीशी घातलेलं नाही. उलट, जे ‘हे देवाला अर्पण केलंय’ असं सांगून आईवडिलांचा वाटा बुडवत, त्यांना त्याने तोंडावर सुनावलं. मार्कच्याच सातव्या अध्यायात ते आहे. आणि क्रुसावरून त्याने आपल्या आईची सोय लावली. हे येशूच्या मागे जाणाऱ्या मुलालाही माहीत असतं. त्याला कुणी ते मनापासून विचारून पाहिलंय का, की बाळा, आमचं कसं करायचं ठरवलं आहेस? विचारलं तर तो उत्तर देईल. पण विचारणं बाजूला राहतं. ‘आम्हाला मारून जा’ हे वाक्य आधीच टेबलावर आलेलं असतं, आणि त्या वाक्यापुढे कुठलंही पोर बोलू शकत नाही.

शिक्षण वाया जातं, या मुद्द्यावर मी फार शब्द खर्चणार नाही. नंदाखालचा एक मुलगा १९७२ मध्ये धर्मगुरू झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्याने ‘सुवार्ता’ हे मासिक चालवलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि गुंडगिरीविरुद्ध उभा राहिला. त्याच्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला तो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता, आणि २०२४ मध्ये तो गेला तेव्हा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांनाच आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं. हे शिक्षण वाया गेलं म्हणायचं का? आणि अशी नावं सोडली तरी, पालघर आणि डहाणूच्या आदिवासी पाड्यांवर आयुष्य काढलेल्या सिस्टर्सच्या दवाखान्यांत जाऊन विचारा, की या बाईंचं शिक्षण वाया गेलं काय? तिथल्या आया उत्तर देतील.

आता ‘लोक काय म्हणतील’. याच महाराष्ट्रात, याच मुंबईत, या प्रश्नाची दोन प्रकरणं कोर्टापर्यंत गेली होती. १८३९ मध्ये मिशनरी डॉ. विल्सन यांच्या शाळेतले पारशी तरुण धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ख्रिस्ती झाले. सगळ्या पारशी समाजात खळबळ उडाली, मुलांना शाळेतून काढून घेतलं गेलं, धनजीभाईला परत मिळवण्यासाठी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज झाला. तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. कोर्टाने त्याला स्वतःचं बरंवाईट कळतं असं मानून हवं तिथे जाण्याची मोकळीक दिली. पुढे तो शिकून पाळक झाला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, हिंदू घरातले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद लहान होता, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. तो निर्णय मला योग्यच वाटतो, कारण एवढ्या लहान मुलावर आईबापांचा हक्क असतो. पण पुढे काय झालं ते आजच्या पालकांनी ऐकावं. मुलगा परत आला, आणि ज्या समाजाच्या भयाने त्याला परत आणायची धडपड होती, त्या समाजातल्या मोठ्या गटाने त्याला पंक्तीला घ्यायला विरोध केला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाच रोष ओढवून घ्यावा लागला. लोकांसाठी पोराला ओढून आणलं आणि लोकांनी दार लावून घेतलं. ‘लोक’ म्हणून आपण ज्यांना भितो, ते आपल्या दुःखाच्या वेळी कधी वाटेकरी होत नाहीत. मग मुलाच्या आयुष्याचा निर्णय त्यांच्या तोंडाकडे पाहून का घ्यायचा?

ख्रिस्ती होणाऱ्या मुलाला हिंदू घरात जे ऐकावं लागतं आणि जन्माने ख्रिस्ती असलेल्या मुलाला ख्रिस्ती घरात जे ऐकावं लागतं, त्यात मला फरक दिसत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग त्यांच्याकडे परतल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो कुणी आज्ञा केली म्हणून नव्हे. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो, पण या प्रश्नावर मराठीत त्याहून खोल पुस्तक नाही. टिळकांच्या वेडाने त्या बाईला किती सोसावं लागलं हे त्यात आहे, आणि तरीही ते वेड खोटं होतं असं त्यांनी कुठेही ठरवून टाकलेलं नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरही त्यांना ‘प्रमाणात’ ख्रिस्ती राहता आलं नाही. कुटुंबाचा आक्षेप मुळात कोणत्या धर्माला आहे, हे यावरून लक्षात येतं. तो कोणत्याच धर्माला नाही. माणूस अर्धा उरावा, घराला हाताळता येईल एवढाच उरावा, अशी ती मागणी आहे.

एक भीती मात्र मी हलकी मानत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, लोकसंख्येच्या एका टक्क्याहूनही कमी. आपण थोडे आहोत, आणि प्रार्थनासभांवर हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून आई म्हणते, गळ्यातला क्रूस कपड्याच्या आत ठेव, ट्रेनमध्ये बायबल काढू नकोस. ही भीती खरी आहे, त्या आईला मी दोष देणार नाही. पण भीती खरी असली, तर तिचं नाव भीती म्हणूनच घ्यावं. ‘माझा जीव तुझ्यासाठी थरथरतो’ असं आईने म्हटलं तर मुलगी तिला जवळ घेईल. तसं न म्हणता मुलीच्या प्रार्थनेलाच मूर्खपणा ठरवलं, तर तिला एवढंच कळतं, की ज्या देवावर आईने विश्वास ठेवायला शिकवलं त्याच्यावर आईचाच विश्वास नाही.

हेही मला ठाऊक आहे, की प्रभूचं नाव घेऊन पोरांना नाडणारे लोक आहेत. पगाराचा ठरावीक हिस्सा जबरदस्तीने घेणारे आहेत, औषधं बंद करायला सांगणारे आहेत, घरच्यांशी बोलू नका म्हणणारे आहेत. अशा ठिकाणी मुलगा अडकला असेल तर घराने जिवाचं रान करावं, मी त्यांच्याबरोबर येईन. पण चर्चमध्ये रोज सकाळी गुडघे टेकणाऱ्या मुलाला आणि या ठकांच्या तावडीत सापडलेल्या मुलाला एकाच शब्दाने हिणवलं, तर दोघांतला फरक ओळखायला घर कधीच शिकणार नाही. आणि ज्याला खरोखर वाचवायचंय, तो आपली अडचण घरात सांगायला येणारच नाही, कारण इथे आपली थट्टा होते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

तेव्हा आईवडिलांना माझं सांगणं आहे, की तुम्हाला विचारायचंय ते विचारा, आणि कठोरपणे विचारा. त्या संघाच्या कॉन्व्हेंटमध्ये स्वतः जा. सिस्टरना विचारा, आमच्या मुलीला नको वाटलं तर ती कशी बाहेर पडेल? आजारी पडली तर कोण बघेल? आमच्या अंत्यविधीला ती येऊ शकेल का? तिच्यावर अन्याय झाला तर तिने कुणाकडे जायचं? पैशांचा हिशोब कोण ठेवतं? सेमिनरीच्या रेक्टरसमोर बसा आणि हेच विचारा. हे सगळं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ते टाळणाऱ्या संस्थेत मुलीला पाठवू नका. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःलाही विचारा: रोज रात्री जे म्हणतो, ते आपण खरं मानतो का? उत्तर ‘होय’ असेल, तर तुमची मुलगी तुमच्याहून वेगळं काहीच करत नाही, ती फक्त पुढे चालली आहे आणि तुम्ही तिला ओढून मागे आणू नका. उत्तर ‘नाही’ असेल, तर तिला जवळ बसवून तेच सांगा. वीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरात देवाविषयी खरं बोलणं होईल, आणि त्या बोलण्याला ती तुमच्यापेक्षा जास्त तयार असेल.